अडीच बरगड्यांचा नाताळ

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, कुवेतच्या राई भागातल्या एका मोठ्या मांसाच्या दुकानात, शैलेश आपटे या गृहस्थाने ऑलिव्हच्या डब्यांकडे बघत "करी कट" एवढे दोनच शब्द उच्चारले आणि आपल्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नाताळ करवतीखाली घातला.

ऑलिव्हच्या डब्यांकडे का, तर समोरच्या काचेत बीफ होतं म्हणून. शैलेश मूळचा पुण्याचा. अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर उकडायचं, अशा घरातला. कुवेतला पेट्रोकेमिकलमध्ये नोकरी लागल्यावर त्याची कोंबडीपर्यंत प्रगती झाली होती. सणासुदीला बोकडापर्यंतही मजल जाई. त्यापुढे मात्र गाडी सरकली नव्हती. दुसऱ्याने काय खावं याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. फक्त ते काचेतून आपल्याकडे बघतंय असं वाटू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा.

तरी तिथे तो स्वतःच्या पायांनी, स्वतः होऊन गेला होता. राईतल्या गॅरेजात त्याची गाडी ब्रेकसाठी दिलेली होती. "जातोच आहे तर तुमची ऑर्डर घेऊन येतो, ताई," असं त्याने वरच्या मजल्यावरच्या मालनताईंना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. मालनताई म्हणाल्या होत्या, "नुसतं माझं नाव सांग. इम्तियाजला सगळं माहीत आहे. तू काही बोलू नकोस."

हे शेवटचं वाक्य त्याने मनावर घ्यायला हवं होतं. इम्तियाज हा काउंटरवरचा हैदराबादी कसाई. त्याने मालनताईंसाठी बीफचा चार बरगड्यांचा अखंड, देखणा तुकडा आठवडाभर आधीच बाजूला काढून ठेवलेला होता. तो त्याने फळीवर ठेवला आणि केवळ रीत म्हणून विचारलं, "साब, कटिंग?"

आता मराठी माणसाला मांसाच्या दुकानात हा प्रश्न आला की शिंकेपाठोपाठ "सॉरी" यावं तसं "करी कट, छोटे पीस" हे उत्तर आपोआप येतं. त्यात विचार नसतो. शैलेशच्याही नव्हता. इम्तियाजला क्षणभर नवल वाटलं असावं. पण गिऱ्हाइकाने सांगितलं, आपण कापायचं. करवत सुरू झाली. तिचा आवाज जरा फारच वेळ चालला म्हणून शैलेशने डब्यांवरची नजर काढून तिकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की करवत बंद पडली.

एक बरगडी तोपर्यंत रश्शाच्या लायकीची झाली होती. दुसरी अर्धी कापली जाऊन एखाद्या निखळलेल्या दारासारखी लोंबत होती. उरल्या अडीच.

"साब, आप ही बोले," इम्तियाज म्हणाला. ते खरंच होतं. दुसरा तुकडा आहे का म्हणून विचारलं, तर सगळे नाताळच्या लोकांनी बुक केलेले. आता नवा माल थेट नव्या वर्षात.

शैलेश दोन पिशव्या घेऊन निघाला. गाडीचे ब्रेक नवे होते, पण अबू हलीफाला घरी पोचेपर्यंत त्याने ते इतक्या वेळा आणि इतके विनाकारण दाबले की ते नवे राहिले नसावेत.

माणसाने घाबरावं अशीच व्यक्ती वरच्या मजल्यावर राहत होती. मालन आवळे. गाव मिरज. वडील तिथल्या मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर, आई त्याच आवारात धुणं-शिवण बघणारी, आणि ही तिथेच शिकून नर्स झालेली. लग्नानंतर दोन वर्षांनी कुवेतला आली ती हाडांच्या वॉर्डात, आणि आजतागायत हाडांच्याच वॉर्डात. तिथले इजिप्शियन डॉक्टर राउंडला येताना आधी दारातून मालनसिस्टर कोणत्या बाजूला आहेत ते पाहून घेतात, असं म्हणतात. म्हणणाऱ्यात त्यांचा नवरा राजन हाच प्रमुख. राजन दुसऱ्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. माणसापेक्षा माणसाच्या रक्ताशी त्याची ओळख जास्त, त्यामुळे बोलणं बेताचं.

दवाखाना सुटला तरी मालनताईंची ड्युटी सुटत नसे. अख्खी इमारत हा त्यांचा दुसरा वॉर्ड होता. संध्याकाळी रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या जिना उतरू लागल्या की तिसऱ्या मजल्यावरचे लोक मिठाची बरणी लपवत. शैलेशला मूतखडा झाला तेव्हा त्यांनी त्याला सकाळ-संध्याकाळ बार्लीचं पाणी पाजलं आणि त्याबरोबर इतकं सुनावलं, की खडा औषधाने पडला की घाबरून, याबद्दल शैलेशची बायको योगिनी अजून साशंक आहे.

आणि एक गोष्ट. इतक्या वर्षांत मालनताईंना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्या जेवत उभ्याने, ताटली वॉशिंग मशीनवर ठेवून. घरी पाहुणे असले की त्या ओट्यापाशी, पाठ जेवणाऱ्यांकडे. पण त्या पाठीला डोळे होते. कोणाच्या ताटातली भाकरी संपत आली की मागे न बघता हात यायचा आणि गरम भाकरी पडायची. "बसा ना, ताई," असं कोणी म्हणालं तर, "मी बसले तर तुम्ही उपाशी उठाल," हे उत्तर ठरलेलं. लोक पोटभर जेवून, तृप्त होऊन, हात धुऊन घरी जात, आणि त्यानंतर मालनताई जेवत. काय जेवत ते कोणी विचारलं नव्हतं.

या घरात ओव्हनही होता. कुवेतच्या भाड्याच्या घरात शेगडीच्या पोटात ओव्हन असतोच. आणि मराठी घरात तो काय कामाला येतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. मालनताईंच्या ओव्हनमध्ये दोन तवे, तीन कढया, इडलीपात्र, आप्पेपात्र आणि मिरजेहून आणलेली एक बिडाची परात गुण्यागोविंदाने नांदत होती. तो पेटतो की नाही, हे पाहण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती.

ती आली जुईलीमुळे. जुईली ही आवळ्यांची एकुलती एक. जन्म कुवेतचा, वय चोवीस, फिजिओथेरपिस्ट. आईने मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. जुईलीला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली होती. जानेवारीत ती जाणार होती. जाणार याचं मालनताईंना दुःख नव्हतं. त्या स्वतः याच वयात मिरज सोडून आल्या होत्या, त्यामुळे मुली जातात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना बोचत होतं ते वेगळंच. गेले तीन नाताळ ही पोरगी घरी जेवली नव्हती. कुवेतमधल्याच सलवा भागात, शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी जायची. मैत्रिणीची आई, चित्राआंटी, गोव्याची. तिच्याकडे दर नाताळात बरगड्यांचा भलाथोरला रोस्ट व्हायचा. त्याचा फोटो जुईलीच्या फोनवर मालनताईंनी पाहिला होता. मध्ये तो रोस्ट, भोवती हसणारी माणसं आणि त्यात आपली पोरगी.

हाडांच्या वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईने निदान लगेच केलं. पोरगी रोस्टसाठी जाते. आपल्याकडे करंज्या आणि मटणाची बिर्याणी. त्या बिचारीला साहेबी खाणं आवडतं. मग उपाय उघड होता. जाण्याआधीचा हा शेवटचा नाताळ, तो तिने आपल्या घरी, आपल्या टेबलावर करायचा. त्यासाठी रोस्ट करावा लागला तर रोस्ट.

मालनताईंनी नोव्हेंबरातच सुट्टी टाकली. वॉर्डातल्या केरळच्या पोरींनी हे ऐकून एकमेकींकडे पाहिलं. नाताळची ड्युटी मालनसिस्टरनी घ्यायची आणि बाकीच्यांनी चर्चला जायचं, हा तिथला जणू कायदाच होता.

जुईलीने मात्र हसून सांगून टाकलं, "मम्मा, यू विल पुट इट इन द कुकर." आणि वर ठरवूनही टाकलं, की साडेसहाला ती घरी जेवेल आणि मग आठ वाजता सलव्याला जाईल. तिकडेही जेवेल. दोन्ही आयांचं मन राखणारा हा तोडगा मालनताईंनी ऐकून घेतला. त्यांनी मनात म्हटलं, एकदा माझा रोस्ट खाऊ दे, मग बघू आठ कसे वाजतात ते.

तर असा हा तुकडा. शैलेशने दोन पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. मालनताईंनी लोंबणारी अर्धी बरगडी उजेडात धरून, एक्स-रे पाहावा तशी पाहिली.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"बोलू नकोस म्हणून."

"मग? जीभ कोणी ओढली होती?"

मग मालनताई कामाला लागल्या. त्यांनी कापलेले तुकडे राजनच्या डब्यासाठी फ्रीजरमध्ये टाकले. लोंबणारा भाग जागेवर बसवून सुती दोऱ्याने आवळला. गाठी अशा, की हाड त्यांच्या धाकाने जुळून यावं. मग मीठ-मिरी चोळली, लसूण चोळला. फोनवर पाहिलेल्या रोस्टच्या व्हिडिओतल्या दाढीवाल्या अमेरिकनाने एवढंच सांगितलं होतं. मालनताईंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि तुकडा उलटा करून, जुईलीला दिसणार नाही अशा बाजूला, कांदा-लसूण मसाल्याचं बोट फिरवलं.

"उद्या दुपारपासून इथं यायचं," त्या शैलेशला म्हणाल्या. "बटाटे तू सोलायचेस."

ही शिक्षा होती आणि आमंत्रणही. योगिनी बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेली होती आणि खालच्या मजल्यावर शैलेश ब्रेड-अंड्यावर दिवस काढत होता, हे त्यांना माहीत होतं. त्याच्यासाठी त्यांनी वेगळ्या कढईत कोंबडी करायचं ठरवलंच होतं. ते मात्र त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. शिक्षेची चव जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ओव्हन रिकामा झाला. तवे, कढया, इडलीपात्र, सगळं सोफ्यावर मांडलं गेलं; राजन त्यांच्या शेजारी पाहुण्यासारखा अंग चोरून बसला. ओव्हन पेटला. पहिला अर्धा तास त्यातून इतक्या वर्षांच्या तळणीचा वास आला. मग मालनताईंनी रोस्ट आत ठेवला, दार लावलं, आणि घराची शांतता भंग पावली. कारण आता करायला काहीच नव्हतं.

व्हिडिओतल्या अमेरिकनाचं म्हणणं होतं, की आता त्याला हात लावू नका. पण ज्या बाईने आयुष्यात कोणत्याही पेशंटला दहा मिनिटं एकटं सोडलं नाही, तिला हे कसं जमावं? ओव्हनची काच तर काजळून बंद. मालनताई दार उघडून बघायच्या. थर्मामीटर टोचायच्या. दोऱ्याच्या गाठी तपासायच्या. दार लावायच्या आणि पुन्हा उघडायच्या. दर वेळी चेहऱ्यावर गरम हवेचा झोत आणि ओव्हनच्या पोटातली ऊब बाहेर. शैलेशने भीतभीत सुचवून पाहिलं, की प्लँटवर भट्टीचं दार असं उघडलं तर मॅनेजर घरी पाठवतो. त्यावर, तू बटाट्याकडे बघ, असं त्याला सांगण्यात आलं.

सहाच्या सुमारास जुईली आली. छान कपडे घालून, सलव्याला जायच्या तयारीने. थर्मामीटर पाहून तिने भुवया उंचावल्या. रोस्ट अजून आजाऱ्याच्या कपाळाइतकाही तापला नव्हता. तेवढ्यात मालनताईंचा हात पुन्हा दाराकडे गेला.

"मम्मा, ही इज नॉट युअर पेशंट. ही वोन्ट रिंग द बेल फॉर यू."

"बोलवत नाहीत तेच जास्त सीरियस असतात," मालनताई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

जुईलीने ते लावलं. मग बाहेरून प्लास्टिकची खुर्ची आणली, ओव्हनच्या दारासमोर मांडली आणि मोर्चातल्या पुढाऱ्यासारखी तिच्यावर ठिय्या देऊन बसली. आता कोणी हात लावायचा नाही, असं तिने जाहीर केलं.

मालनताईंनी भांडी घासली. मग ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुसला. मग शैलेशने सोललेले बटाटे मोजून बघितले आणि त्यातला एक परत सोलायला दिला. स्वयंपाकघरात याहून जास्त काही करण्यासारखं उरलं नाही.

"सिट, मम्मा," जुईली म्हणाली.

मालनताईंनी इकडे तिकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघरात बसायची जागाच नव्हती. कधी लागलीच नव्हती. शेवटी त्या तांदळाच्या पिंपावर बसल्या. पूर्ण नाही, अर्ध्याच. बस येईल म्हणून थांब्यावर टेकावं तशा. शैलेशने सुरी थांबवली. हे दृश्य योगिनीला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही, असं त्याला वाटलं.

जरा वेळाने मालनताईंनी विचारलं, "त्या चित्राचा किती वेळात होतो गं?"

"व्हॉट?"

"रोस्ट."

जुईलीने खांदे उडवले. कुणास ठाऊक, असं म्हणाली. कधी जमतो, कधी वातड होतो. मागच्या वर्षी तर जळलाच होता. सगळ्यांनी पिझ्झा मागवला. फोटो तो बाहेरून बरा दिसत होता तेव्हाचा.

मालनताई ऐकत राहिल्या. सगळे उपचार झाल्यावर मूळ निदानच चुकीचं निघावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"मग तू रोस्टसाठी जात नाहीस?"

"हू गोज फॉर अ रोस्ट, मम्मा?"

"मग कशाला जातेस?"

जुईली ओढणीच्या टोकाशी खेळत बसली. उत्तर आलं ते मराठीत.

"तिथं आंटी बसते."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे एकदम बसतात. आंटी पण. जेवण संपलं तरी बसूनच राहते, पाय वर घेऊन, काहीतरी फालतू बोलत. इथे मला नाताळ म्हटलं की तुझी पाठ आठवते. ड्युटी असली की तू नाही, ड्युटी नसली की पाठ. पप्पा प्रार्थना करतात आणि तू आतून आमेन म्हणतेस."

शैलेशला उठून बाहेर जावंसं वाटलं. पण दाराकडे जायचं तर दोघींच्या मधून जावं लागलं असतं, म्हणून तो हातातला बटाटा सोलत राहिला. तो बटाटा पुढे गोटीएवढा झाला.

मालनताई अगदी व्यवहाराचा मुद्दा काढावा तशा म्हणाल्या, "मी बसले तर वाढणार कोण?"

"कोणीच नाही. मध्ये ठेवायचं. ज्याला पाहिजे त्याने घ्यायचं."

ज्याला पाहिजे त्याने घ्यायचं. हाडांच्या वॉर्डात सगळ्यांचे पाय वर टांगलेले असताना, ज्याला पाणी हवं त्याने उठून घ्यावं, असं कोणी सांगितल्यासारखं मालनताईंना ते वाटलं असणार. त्यांचा हात सवयीने ओव्हनच्या दाराकडे गेला. मध्ये पोरगी होती. हात परत आला आणि मांडीवर पडून राहिला.

मग त्या बोलू लागल्या. मिरजेच्या आवारातल्या घराबद्दल. तिथे नाताळला दोन पंगती उठायच्या आणि आई शेवटी पातेल्यातच जेवायची, त्याबद्दल. रस्सा संपलेला असायचा, पातेलं भाकरीने पुसून घ्यायची. आम्हाला वाटायचं तिला तसंच आवडतं, असं त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच वाक्यावर जरा थबकल्या. जुईलीने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. तिने आजीबद्दल दोन-चार प्रश्न विचारले. मग न्यूझीलंडचं निघालं. तिथल्या थंडीचं, भाड्याच्या खोलीचं. बोलता बोलता जुईलीने कबूल केलं, की रात्री तिला कधीकधी वाटतं जाऊच नये. हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मालनताईंनी जा असंही म्हटलं नाही आणि राहा असंही. मिरजेहून निघताना मी स्टेशनावर उलटी केली होती, एवढंच सांगितलं. जुईली हसली. तोवर मालनताई पिंपावर पूर्ण बसल्या होत्या.

आणि ओव्हनला दार बंद ठेवून जगू दिल्यामुळे, आतून खरोखरच्या भाजण्याचा वास येऊ लागला होता.

जुईलीचा फोन वाजला. सलव्याहून चित्राआंटीचा. "आंटी, आज नाही जमणार," ती म्हणाली. "घरी रोस्ट आहे. नाही, अजून झाला नाही. नो नो, आय ॲम नॉट स्टार्व्हिंग." मालनताई त्या वेळी एक्झॉस्ट फॅनकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होत्या, की जणू तो आजच बसवला आहे.

यानंतर एकच चकमक झाली. थर्मामीटर हव्या त्या आकड्यावर आला आणि मालनताई म्हणाल्या की मांस कच्चं आहे. दोऱ्याखालच्या फटीतून आत लाल दिसतंय. लाल दिसणारं मांस त्यांच्या हातून आजवर फक्त बँडेजखाली गेलं होतं. दहा मिनिटं कुकरला लावते, एकच शिट्टी, असा प्रस्तावही त्यांनी मांडला. जुईली खुर्चीवरून उठून कुकर आणि आई यांच्या मध्ये उभी राहिली. मग सोफ्यावरच्या भांड्यांमधून राजनचा आवाज आला. संध्याकाळभरात तो पहिल्यांदाच बोलत होता. "मालन, ती सांगते तसं कर की." मालनताईंनी रोस्ट बाहेर काढला.

आता त्याला अर्धा तास विश्रांती द्यायची, असं जुईलीने सांगितलं.

"त्याला विश्रांती?" मालनताई म्हणाल्या. "राबले मी." पण फॉइल त्यांनीच घातलं, कडेने नीट दाबून, पांघरूण घालावं तसं.

टेबलावरची इस्त्रीच्या कपड्यांची थप्पी हलली. चार खुर्च्या मांडल्या गेल्या. चौथी ओव्हनसमोरची, प्लास्टिकची. मध्ये रोस्ट आला. भोवती शैलेशचे बटाटे, त्यांतले काही बटाट्याएवढे. त्याच्यासाठीची कोंबडी, भाकऱ्यांची चवड, भात, करंज्या. सगळं एकदम, एका जागी. जुईलीने आईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खुर्चीवर बसवलं, आणि फिजिओथेरपीच्या शिक्षणाचं चीज झालं, कारण ते सोपं नव्हतं.

राजनने प्रार्थना केली. नेहमीपेक्षा थोडी लांब केली. 'आमेन' चौघांच्या तोंडून एकदम निघालं, शैलेशसकट, आणि ते टेबलावरच निघालं.

मग राजनने दोरा सोडवून रोस्ट कापला. जन्मभर स्लाइडवर पातळ चकत्या चढवलेला माणूस. त्याच्या पहिल्या चकतीतून पलीकडची करंजी दिसत होती. जुईलीने सुरी त्याच्याकडून घेऊन चांगले जाड काप केले. रोस्ट एका कडेला जरा जास्त भाजला होता आणि इम्तियाजने अर्धवट कापलेल्या ठिकाणी दोन भाग झाले होते. मधला भाग मात्र गुलाबी, मऊ, त्या व्हिडिओतल्यासारखा. जुईलीने एक काप खाल्ला. दुसरा घेतला. मग थांबून, खालच्या बाजूला जीभ फिरवून विचारलं, "मम्मा, हे तिखट काय आहे?"

"काय की," मालनताई म्हणाल्या.

जुईलीने तिसरा घेतला. मालनताईंनी स्वतःसाठी कडेचा, पुरता भाजलेला तुकडा निवडला आणि विचार करत चावला. मग गुलाबीतला नखाएवढा कापून पाहिला. मग नखापेक्षा मोठा कापला. आपण काय खातो आहोत ते त्या पहिल्यांदाच सावकाश बघून खात होत्या. जुईली फोनवर बोललेल्या न्यूझीलंडच्या घरमालकिणीची नक्कल करून दाखवत होती, राजन चक्क हसत होता, आणि मालनताई भाकरी हातात धरून, ती चावायची विसरून ऐकत होत्या.

शैलेशही सुखावला होता. इतका, की कोंबडीत मीठ थोडं कमी आहे हे लक्षात येताच, मागचा पुढचा विचार न करता, वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "ताई, जरा मीठ द्याल का?"

मालनताईंचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर गेले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. जुईली बोलायची थांबली. राजनने काटा खाली ठेवला. शैलेशला राईतली ती करवत आठवली आणि आपण पुन्हा तोंड उघडलं हे त्याला कळलं.

मालनताईंनी ओट्याकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून घेतली, भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्याकडे मान न वळवता म्हणाल्या,

"ओट्यावर आहे, ऊठ आणि घे की."